आसारामचे बल्ब, श्रीमंतचा उजेड

आसारामच्या घरातला बल्ब लागला आहे की नाही, हे बघायला त्याला काडी ओढावी लागली.

"लागलाय का?" केशरबाईने चुलीपाशी बसूनच विचारलं.

"लागलाय!" आसाराम खेकसला. "लागलाय, पर त्याचं त्यालाच दिसंना झालंय!"

बल्बाखाली पत्र्याचा गोल घेर होता आणि घेरात पन्नास पिवळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत होती. ही पिल्लं त्याने राहुरीहून खोक्याला भोकं पाडून, मांडीवर घेऊन, एसटीने आणली होती. कंडक्टरने खोक्याचं अर्धं तिकीट मागितलं, त्यावरून तो तिसगावपर्यंत भांडत आला होता. राहुरीच्या साहेबाने बजावलं होतं, की ही पिल्लं मशिनीत जन्मलेली, यांना आई नाही. महिनाभर बल्ब हीच यांची आई. आई गार पडली की पिल्लं गेली. मोठी झाल्यावरसुद्धा उजेड कमी पडू देऊ नका, उजेड जास्त तितकी अंडी जास्त.

आता आई गार पडली होती.

खडकदऱ्यात त्या साली पाऊस झाला नव्हता. निम्मं गाव रोज खडी फोडायला जात होतं आणि निम्मं ऊस तोडायला निघायच्या तयारीत होतं. आसारामही दरसाल कोयता घेऊन जायचा. पण यंदा दसऱ्याला मुकादम आबासाहेबाशी त्याचं वाजलं, आणि भर चावडीवर तो म्हणाला, "पुन्यांदा तुझ्या ट्रकात चढलो तर नाव लावनार न्हाई बापाचं! कोंबड्या पाळीन!" तेव्हा कोंबड्यांचा त्याने काहीच विचार केलेला नव्हता. रागात तोंडाला आलं ते बोलला होता. पण बोलला होता चारचौघांत, म्हणून राहुरीला जावं लागलं. आता ही पिल्लं गेली तर आबासाहेबाच्या ट्रकात चढणं आलं, आणि चढताना आबासाहेब बाजूला उभा राहून हात देणार, हे आसारामला दिवसाढवळ्या दिसत होतं.

बल्ब मंद होता हे एक वेळ त्याने सोसलं असतं. पण तेवढ्यात पलीकडे उजेड झाला.

पलीकडे म्हणजे चुलतभाऊ श्रीमंतच्या घरात. दोन घरांत भिंत एकच, आणि ती आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर फट होती. त्या फटीतून श्रीमंतच्या एका बल्बाचा उजेड असा धो धो येत होता, की आसारामला आपल्या घरातलं जे काही दिसत होतं ते श्रीमंतच्या उजेडात दिसत होतं. आपला बल्बसुद्धा.

"माझा लाइट ओढतोय त्यो!" आसाराम म्हणाला.

"लाइट काय शेंबूड हाय का वढायला?" केशरबाई म्हणाली.

दोघा भावांचं बोलणं चार वर्षं बंद होतं. बांधावरची एक बाभूळ होती, ती तुटली, कुणी तोडली यावरून. अर्थात गावात राहायचं तर बोलणं अगदीच बंद ठेवून भागत नाही, म्हणून ते आसारामच्या बैलाशी बोलायचे. हौशा दोन्ही घरांसमोर अंगणात मधोमध बांधलेला असे. आसाराम त्याच्यापुढे उभा राहून म्हणायचा, "हौशा, त्याला सांग, सांडपानी इकडं सोडू नको." पलीकडून श्रीमंत म्हणायचा, "हौशा, त्याला सांग, उतार त्याच्याकडंच हाय." हौशा दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचा आणि त्याने कधी शब्द इकडचा तिकडे केला नाही. पण चारा संपला आणि हौशाला जनावरांच्या छावणीत पाठवावं लागलं. तेव्हापासून दोन घरांचं दळणवळण साफ तुटलं होतं.

"तू सांग त्याला," आसाराम केशरबाईला म्हणाला.

"मी काय बैल हाय?"

आसारामने पिल्लांना सांगून बघितलं. घेरावर वाकून तो मोठ्याने म्हणाला, "पिल्लांनो, त्याला म्हनावं, लाइट सोड!" पण पिल्लं लहान, त्यात गावात नवी. त्यांना भाऊबंदकीतलं काय कळणार?

मग आसारामने सरळ हिशोब केला. एक बल्ब थोडी ऊब देतो, तर दोन बल्ब जास्त देतील. त्याने दुसरा बल्ब लावला. पहिला होता त्याहून मंद झाला आणि दुसरा त्याच्या जोडीला बसला. पलीकडचा उजेड मात्र वाढला. आसारामने दात ओठ खाऊन तिसरा लावला. तिन्ही बल्ब चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल झाले आणि पलीकडे दुपार झाली. चौथा लावल्याबरोबर पलीकडे "फाट्ट" असा आवाज आला, काचा सांडल्या आणि श्रीमंतची बायको रतनबाई किंचाळली.

"कुनी फोडला रं माझा बल्ब?" श्रीमंत कुणाचंही नाव न घेता गरजला.

"मी हितं, बल्ब तिथं!" आसारामने पिल्लांना सांगितलं.

श्रीमंतने नवा बल्ब आणला आणि फुटला तर एक तरी राहावा म्हणून दोन लावले. त्याबरोबर आसारामकडचे चारही बल्ब थोडे उजळले.

"बघ!" आसाराम केशरबाईला म्हणाला. "भ्याला! थोडा परत केला!"

त्यानंतर दोन दिवस दोन्ही घरांत दुसरं काही झालं नाही. आसारामने बल्ब वाढवला की त्याच्याकडे अंधार आणि श्रीमंतकडे उजेड. श्रीमंतने वाढवला की उलटं. खरं म्हणजे जो जास्त बल्ब लावी त्याचंच नुकसान होत होतं. पण आपण माघार घेतली तर फायदा होईल, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

गावात इतरत्रही अशीच तऱ्हा होती. देवळात डोळे दिपत होते आणि चावडीवर माणसाला माणूस ओळखत नव्हता. वायरमन गहिनीनाथ मागे येऊन गेला तेव्हा त्याने चावडीवर सांगितलंच होतं, की डीपीच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा आहे, तो दुष्काळाने कोरडा पडलाय, रोज दोन घागरी पाणी घाला, नाहीतर भोगाल. त्यावर सगळ्यात मोठ्याने आसारामच ओरडला होता. "मानसाला टँकरचं पानी पुरंना आन खांबाला पाजायचं? खांबाला तान लागलीय व्हय? उद्या म्हनशील त्याला भाकर वाढा!" गाव हसलं होतं. गहिनीनाथ सायकलवर टांग टाकून तणतणत गेला, तो परत फिरकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आसाराम चोरी पकडायला निघाला.

श्रीमंतच्या घरामागेच डीपी होती. दोन खांब, मधे उंचावर ती लोखंडी पेटी. आसारामने वरच्या तारा बघितल्या. त्या जशा त्याच्याकडे जात होत्या तशाच श्रीमंतकडे. मग त्याने खाली बघितलं आणि त्याच्या अंगाची लाही झाली. पेटीपासून एक चांगली जाड तार खांबाला धरून खाली आली होती आणि जमिनीत शिरली होती. जिथे शिरली होती तिथून श्रीमंतची मागची भिंत दहा पावलांवर.

"जिमिनीखालून!" आसाराम स्वतःशीच म्हणाला. "जिमिनीखालून नेलाय भाड्यानं!"

वीज जमिनीत कशाला सोडतात, हा प्रश्न त्याला पडला नाही. सगळ्या तारा वरून जात असताना एकच खालून जाते, म्हणजे तिला तोंड लपवायचं आहे, इतकं त्याला पुरेसं होतं. त्याने बाभळीचा सुका दांडा आणला, तारेत अडकवला, खांबाला पाय दिला आणि चार वर्षांचा सगळा राग लावून ओढली. माती इतकी कोरडी होती की तार भुईमुगाच्या वेलासारखी उपसून आली. वर पेटीपाशी "चट्ट" झालं, निळा जाळ दिसला आणि तारेचं वरचं टोक बोल्टासकट सुटून आसारामच्या पायाशी येऊन पडलं.

"आता बघतो कसा उजेड पाडतो ते!" आसाराम म्हणाला आणि ते वेटोळं काठीला अडकवून, पुरावा म्हणून चावडीवर टांगून आला.

संध्याकाळी गावात दिवे लागले आणि मग फुटले.

देवळातला फुटला. श्रीमंतच्या बाजूच्या आळीत एकामागून एक असे फुटत गेले, की दिवाळी झाली की काय म्हणून कुत्री पळाली. चावडीच्या बाजूला एकही फुटला नाही, कारण तिथे एकही लागला नाही. आसारामने सहावा बल्ब लावला. सहाही बल्बांच्या आत नुसता एक एक तांबडा केस दिसत होता. पिल्लांचा ढीग झाला होता. खालची वर येऊ बघत होती, वरची खाली जाऊ बघत होती, आणि चिवचिव हळूहळू बारीक होत चालली होती.

पलीकडे श्रीमंतकडे एकच बल्ब उरला होता आणि तो सूर्यासारखा तळपत होता.

केशरबाईने फटीकडे बघितलं. पिल्लांकडे बघितलं. मग तिने पिल्लं पाटीत भरली, पदर खोचला आणि निघाली.

"कुठं?" आसाराम दारात आडवा झाला.

"जित्ती हायेत तवर नेते."

"त्याच्या दारात? माझी पिल्लं? माझं मढं निघंल हितनं!"

"निघू द्या. आधी पिल्लं निघू द्या," केशरबाई म्हणाली आणि त्याच्या बगलेखालून गेली.

श्रीमंत डोळ्यांवर पोतं घेऊन बसला होता. रतनबाईने बल्बाखाली जागा केली. ती स्वतः दोन दिवस फटीतून ती चिवचिव ऐकत होती. पिल्लं बल्बाखाली सोडली, तशी ती हळूहळू पांगली, पाय पसरून बसली, एकाने तर पंखही झटकले.

इकडे आसाराम एकटा राहिला. समोर सहा बल्ब, आणि एकाचाही उपयोग नाही. त्याच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "जळा मग अंधारात!" असं म्हणून त्याने फटाफट बटणं बंद केली.

पलीकडचा उजेड झपकन उतरला. पिल्लांनी एकच कालवा केला.

"आवं, काय केलं?" केशरबाई भिंतीपलीकडून ओरडली. "लावा परत! हितला दिवा मेला!"

आसाराम थक्क होऊन उभा राहिला. मग त्याने एक बटण दाबलं. पलीकडे थोडं उजळलं. दुसरं दाबलं, आणखी उजळलं. चार झाले, पाच झाले.

"थांब! लई झालं!" श्रीमंत पोतं फेकून किंचाळला. "फुटंल! इझव एक, गाढवा!"

"गाढव कुनाला म्हनतो रे? इझवला! आता?"

"आता कमी झालं! अर्धा लाव!"

"अर्धा कसा लावू, तुझं टकुरं?"

"मग बारका लाव! बारका न्हाई का?"

आसारामने मोठा काढून बारका बल्ब लावला. पलीकडचा उजेड पिल्लांना सोसेल इतका झाला. पिल्लं गप्प झाली. भाऊ मात्र भांडतच होते. चार वर्षांत पहिल्यांदा ते बैलाशिवाय बोलत आहेत, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. रतनबाईच्या आलं.

पाथर्डीला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे वायरमनसाठी निरोप दिला होता. तो पोचायला आणि गहिनीनाथचा राग उतरायला आठवडा लागला. तेवढे दिवस अशी व्यवस्था राहिली, की आसाराम आपल्या घरात बल्बांची रांग लावून, उजेड नसलेल्या बल्बांची राखण करत बसायचा, म्हणजे श्रीमंतच्या घरात त्याची पिल्लं उबेत राहायची. कुणी देवळात नवा बल्ब लावला की सगळं बिघडायचं, आणि मग भिंतीवरून पुन्हा "वाढव", "इझव", "तुझं टकुरं" सुरू व्हायचं.

एके दिवशी मुकादम आबासाहेब मुद्दाम विचारपूस करायला आला. त्याच्या ट्रकात अजून जागा होती.

"काय आसाराम, हे काय मांडलंय?"

"पिल्लास्नी ऊब देतोय," आसाराम गुरगुरला.

आबासाहेबाने सहा मंद बल्ब बघितले. खाली रिकामा घेर बघितला. "पिल्लं कुठं हायेत?"

"श्रीमंतकडं."

आबासाहेबाने टोपी काढली, परत घातली आणि निघून गेला. ट्रकातल्या जागेचं त्याने नावही काढलं नाही.

शेवटी गहिनीनाथ आला. आला तोच पेटून आला. त्याने आधी मेन स्विच पाडला, डीपीच्या बुडाशी गेला, उपसलेला खड्डा बघितला आणि जे शब्द काढले ते ऐकून रतनबाई घरात गेली. अर्धं गाव गोळा झालं.

"अर्थिंग कुनी काढलं?"

चावडीवर ती तार आठवडाभर टांगलेली सगळ्यांनी बघितली होती आणि तिच्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं.

"अरे, बैलगाडीचं जू मधोमध बांधलेलं असतंय का न्हाई?" गहिनीनाथ ओरडला. "त्यो दोर तुटला तर काय व्हतं? जू कलतंय. एक बैल वर, एक बैल खाली! वरनं तीन तारा येत्यात, कुनाचं घर एकीवर, कुनाचं दुसरीवर, त्यांचा मधला दोर म्हंजे न्यूट्रल. त्यो आन ही जिमिनीतली तार, दोनी एकाच बोल्टावर हुते. आधी खड्डा सुकला, बोल्ट गंजून ढिला झाला. तवर जू नुसतं हालत हुतं. आन मग कुन्या शहान्यानं बोल्टासकट उपटलं! ज्यानं उपटलं त्यो जित्ता हाय का मेला, एवढं तरी सांगा!"

श्रीमंत पुढे झाला. आसारामकडे न बघता तो म्हणाला, "सायेब, शेळीनं उपसली आसंल."

"शेळीनं?"

"व्हय. दुष्काळात शेळ्या कायबी खात्यात."

"आन चावडीवर नेऊन टांगली?"

"लई हुशार शेळी हाय. जरा तापट हाय, पर..."

"कुनाला शेळी म्हनतो रे?" आसाराम गर्दीतून उसळून बाहेर आला. "मीच उपटली! ह्या हातानं! शेळी म्हनं!"

श्रीमंतने कपाळावर हात मारला. चार वर्षांत भावासाठी त्याने पहिल्यांदाच काही केलं होतं आणि ते अर्ध्या मिनिटात वाया गेलं होतं.

गहिनीनाथ आसारामच्या भोवती एक फेरी मारून आला. त्याने खांबापाशी पडलेला दांडा बघितला. पायांतल्या टायरच्या चपला बघितल्या. पायाखालची फुफाट्यासारखी कोरडी माती बघितली.

"ह्या चपला नसत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "आन हितं कुनी माझं ऐकून रोज पानी घातलं असतं, तर तू त्याच दिशी गेला असतास. चिखलात उभा ऱ्हाऊन धरली असतीस ना, सोडवायलाबी कुनी आलं नसतं."

आसारामने मान वर केली. "मी तर म्हनतच हुतो, पानी घालू नका!"

मग गहिनीनाथला खाली बसावं लागलं. कुणीतरी त्याला पाणी दिलं.

शिक्षा आसारामला झाली. पुरुषभर खोल नवा खड्डा त्यानेच खणायचा, त्यात मीठ आणि कोळसा भरायचा, आणि रोज एक घागर पाणी त्याच्याच वाट्यातून घालायचं. जमीन खडकाळ होती, पण राग भरपूर असल्यामुळे दिवस मावळायच्या आत खड्डा झाला. श्रीमंत काठावर बसून "डावीकडं घे", "अजून खाली" असं सांगत होता, त्यामुळे वेग वाढला. न्यूट्रल जोडला, तार गाडली, स्विच वर केला, आणि दोन्ही घरांत सारखा, साधा, कुणाचाच डोळा न दिपवणारा उजेड पडला. त्याच संध्याकाळी केशरबाईने पिल्लं परत आणली. त्यात एकही कमी नव्हतं. आबासाहेबाचा ट्रक आसारामला न घेताच गेला आणि आसाराम रस्त्यात उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिला.

पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या. आसाराम त्यांना सकाळी सोडायचा, दिवसभर दाणे टाकायचा, मांजरांवर दगड घेऊन धावायचा. आणि दिवस मावळला की पन्नासच्या पन्नास कोंबड्या रांगेने त्याच्या दारावरून पुढे जाऊन श्रीमंतच्या घरात शिरायच्या. आई गार पडली तेव्हा आठवडाभर ज्या घरात उजेड होता ते घर त्यांनी आपलं धरलं होतं. हुसकलं, पाटीत भरून आणलं, दार लावून घेतलं. तर फटीतून उडून गेल्या. पुढे अंडी घालायला लागल्या, तीही तिकडेच, श्रीमंतच्या कणगीमागे.

पाऊस पडला, छावणी मोडली आणि एका संध्याकाळी हौशा घरी आला. हडकला होता. अंगणात त्याला अजून नीट बांधलाही नव्हता, तोच आसाराम त्याच्यापुढे उभा राहिला.

"हौशा! त्याला सांग, कोंबड्या माझ्या, अंडी माझी! टोपली इकडं पाठव!"

"हौशा," पलीकडून श्रीमंत म्हणाला, "त्याला इचार, पिल्लं जगली ती कुनाच्या उजेडात?"

"हौशा, त्याला इचार, उजेड व्हता कुनाच्या बल्बांनी!"

"हौशा, त्याला म्हनावं, मग बल्ब कुनाचे आन उजेड कुनाचा, हे आधी ठरवून सांग!"

हौशाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि रवंथ सुरू केलं. उत्तर सुचलं नाही की आसारामला फार राग यायचा. तो ताडताड घरात गेला आणि जुन्या सवयीने सहाही बटणं एकदम खाली ओढली.

आता न्यूट्रल जाग्यावर होता. सहाही बल्ब कडकडीत पेटले. घरात असा लख्ख उजेड पडला की केशरबाईने चुलीपाशी डोळ्यांवर हात धरला. आणि आढ्याखालच्या फटीतून तो सगळा उजेड पलीकडे सांडला.

पलीकडून कोंबड्यांचा समाधानाचा गुरगुराट ऐकू आला, आणि पाठोपाठ रतनबाईचा आवाज.

"हौशा, भावजींना म्हनावं, आता असंच राहू द्या. कोंबड्या अंडी घालायला बसल्यात."